विश्लेषण : १९६४ पासून मुका असलेला उपग्रह अजून हरवला कसा नाही? उत्तर आहे ४०० वर्षांपूर्वीच्या केप्लरकडे

पृथ्वीभोवती आज हजारो उपग्रह फिरत आहेत. त्यांतला सर्वांत जुना उपग्रह म्हणजे अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१. तो १७ मार्च १९५८ रोजी कक्षेत पोहोचला आणि मे १९६४ मध्ये त्याचा रेडिओ कायमचा बंद पडला. तेव्हापासून त्याने पृथ्वीला काहीही कळवलेले नाही. त्याला इंजिन नाही, त्यामुळे दिशाही बदलता येत नाही. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. तरीही उद्या पहाटे तो कोणत्या क्षणी कोणत्या भागावरून जाणार, हे आजच सांगता येते.

हे सांगणारे गणित संगणकाच्या काळातले नाही. ते दुर्बिणीचा वापर सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या नोंदींवरून, हाताने आकडेमोड करून निघाले. ते मांडणाऱ्या योहानेस केप्लरला आयुष्यभर ना हक्काचे घर मिळाले ना वेळेवर पगार. केप्लरचे नियम शाळेच्या पुस्तकात तीन ओळींत संपतात. त्या तीन ओळी कशा सापडल्या आणि एका म्हाताऱ्या उपग्रहाचा माग काढायला त्या आजही का लागतात, याचा हा आढावा.

व्हॅनगार्ड-१ कसा आहे आणि कुठे फिरतो?

व्हॅनगार्ड-१ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा १६.५ सेंटीमीटर व्यासाचा गोळा, साधारण पपनसाएवढा. वजन सुमारे दीड किलो. गोळ्यातून सहा अँटेना बाहेर आलेल्या. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी त्याला फळाची उपमा देऊन त्याची खिल्ली उडवली होती. पण सौरघटांवर वीज मिळवणारा तो पहिला उपग्रह ठरला. बॅटरीवर चालणारा त्याचा प्रक्षेपक जून १९५८ मध्येच थांबला. सौरघटांवरचा प्रक्षेपक मात्र सहा वर्षे चालला.

त्याची कक्षा गोल नाही, लांबट आहे. सुरुवातीला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तो कमीत कमी ६५४ किलोमीटरवर येत असे आणि जास्तीत जास्त ३,९६९ किलोमीटरपर्यंत दूर जात असे. जवळच्या बिंदूला उपभू आणि दूरच्या बिंदूला अपभू म्हणतात. एका फेरीला सुमारे १३४ मिनिटे लागत, म्हणजे दिवसाला जवळपास ११ फेऱ्या. विषुववृत्ताशी त्याच्या कक्षेचा कल सुमारे ३४ अंशांचा असल्याने मुंबई, पुणे, नागपूर हा सगळा पट्टा त्याच्या वाटेखाली येतो.

माग काढणे अवघड का?

वर्तुळाकार कक्षेत उपग्रहाचा वेग सगळीकडे सारखा असतो. अशा उपग्रहाची एक जागा आणि एका फेरीचा वेळ कळला, की पुढचे काम सोपे त्रैराशिक असते. लांबट कक्षेत हे जमत नाही. व्हॅनगार्ड-१ उपभूजवळ सेकंदाला सुमारे ८.२ किलोमीटर वेगाने धावतो, तर अपभूजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.६ किलोमीटरपर्यंत उतरतो. मधल्या प्रत्येक क्षणी वेग बदलत असतो.

एक हिशेब पाहू. उपभूपासून फेरीचा पाव वेळ गेला, तर उपग्रह किती पुढे गेला असेल? वेग सारखा धरला तर उत्तर ९० अंश येते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या केंद्रावरून पाहता तो सुमारे १११ अंश पुढे गेलेला असतो. हा २१ अंशांचा फरक म्हणजे त्या अंतरावर तीन हजार किलोमीटरहून मोठी चूक. दुर्बीण किंवा रडार इतक्या चुकीच्या दिशेला रोखले, तर पपनसाएवढा गोळा सापडणे अशक्यच.

आणखी एक गंमत आहे. व्हॅनगार्डची कक्षा कागदावर काढली, तर ती बघणाऱ्याला वर्तुळच वाटेल. तिची रुंदी लांबीपेक्षा दोन टक्क्यांनीही कमी नाही. फरक इतकाच, की पृथ्वीचे केंद्र या आकृतीच्या मध्यावर नाही. ते सुमारे १,६५० किलोमीटर बाजूला, लंबवर्तुळाच्या एका नाभीवर आहे. डोळ्याला वर्तुळ वाटणारी गोष्ट वर्तुळ नसते, हे प्रथम ज्याच्या लक्षात आले, तो केप्लर.

केप्लर कोण होता?

योहानेस केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीतील वाइल डेर श्टाट या छोट्या गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते लढाईसाठी वारंवार घर सोडत आणि शेवटी गेले ते परतलेच नाहीत. आई काथारिना खानावळवाल्याची मुलगी होती आणि तिला वनौषधींची माहिती होती. लहानपणी केप्लरला देवी आल्या. त्यातून तो वाचला, पण नजर कायमची अधू झाली. पुढे ज्याच्या नावावर आकाशाचे नियम लागले, त्याला आकाश स्वतःच्या डोळ्यांनी नीट दिसत नव्हते.

१५७७ मध्ये मोठा धूमकेतू दिसला. तेव्हा आईने पाच वर्षांच्या योहानेसला उंचवट्यावर नेऊन तो दाखवला होता. ही आठवण त्याने आयुष्यभर जपली.

घरची गरिबी असली, तरी शिष्यवृत्तीमुळे तो ट्युबिंगन विद्यापीठापर्यंत पोहोचला. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते. तिथे मिखाएल मेस्टलिन या शिक्षकाने त्याला कोपर्निकसचा सूर्यकेंद्री विचार समजावून सांगितला. १५९४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि विद्यापीठाने त्याला तिकडे पाठवले. पंचांग तयार करणे आणि भविष्य वर्तवणे हाही त्या नोकरीचा भाग होता. १५९६ मध्ये त्याने पहिले पुस्तक लिहिले. ग्रहांमधील अंतरे पाच नियमित घनाकृतींवरून ठरतात, अशी त्यात मांडणी होती. ती कल्पना चुकीची होती, पण तिने केप्लरचे नाव युरोपातील सर्वांत काटेकोर निरीक्षकापर्यंत पोहोचवले. त्याचे नाव टायको ब्राहे.

ब्राहेच्या वहीत काय होते?

डेन्मार्कचा उमराव टायको ब्राहे याने वीस वर्षांहून अधिक काळ ग्रह-ताऱ्यांची स्थाने मोजली होती. दुर्बीण नव्हती. मोठमोठी कोनमापक यंत्रे आणि नुसते डोळे एवढ्यावर हे काम झाले. आपल्या पंचांगाच्या परिभाषेत एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला. ब्राहेच्या चांगल्या नोंदी एक-दोन कलांपर्यंत अचूक होत्या. तेवढी अचूकता तोवर कोणीही गाठली नव्हती.

१६०० हे साल केप्लरसाठी निर्णायक ठरले. ग्राझमध्ये प्रॉटेस्टंट लोकांना धर्म बदला किंवा शहर सोडा, असा आदेश निघाला. केप्लरने शहर सोडले आणि तो कुटुंबासह प्रागला ब्राहेकडे आला. ब्राहे नोंदी सहजासहजी हाती देत नव्हता. त्याने केप्लरकडे मंगळ सोपवला, कारण मंगळाचे गणित कोणालाच सुटत नव्हते. ऑक्टोबर १६०१ मध्ये ब्राहेचा अचानक मृत्यू झाला. सम्राट रुडॉल्फ दुसरा याने केप्लरला राजगणिती नेमले. ब्राहेच्या वारसांनी नोंदींवर हक्क सांगितला, पण तोपर्यंत त्या केप्लरच्या ताब्यात होत्या. परवानगीचा हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

आठ कलांनी काय बदलले?

ग्रह वर्तुळातच फिरतात, हे तेव्हा दोन हजार वर्षे गृहीत धरले गेले होते. कोपर्निकसनेही ते सोडले नव्हते. केप्लरनेही सुरुवात वर्तुळानेच केली. मंगळाच्या कक्षेचे पहिले प्रारूप जुळवायला त्याने तीच लांबलचक आकडेमोड ७० वेळा केली. ब्राहेच्या बहुतेक नोंदींशी ते जुळले. मग त्याने दुसऱ्या बाजूने पडताळणी केली आणि गणिताचे उत्तर प्रत्यक्ष नोंदीपेक्षा ८ कलांनी वेगळे आले.

८ कला म्हणजे किती? पौर्णिमेचे चंद्रबिंब साधारण ३१ कलांचे दिसते, त्याचा पाव हिस्सा. किंवा एक मीटर अंतरावरून सव्वादोन मिलिमीटरची वस्तू जेवढी दिसेल, तेवढे. केप्लरच्या आधीच्या कोणत्याही गणितज्ञाने हा फरक सोडून दिला असता, कारण तेव्हाच्या इतर नोंदींमध्येच त्याहून मोठ्या चुका असत. पण ब्राहेची नोंद ८ कलांनी चुकणार नाही, याची केप्लरला खात्री होती. म्हणजे चूक नोंदीत नव्हती, वर्तुळात होती. त्याने काही वर्षांचे काम बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली.

यातून आधी सापडला तो आज दुसरा म्हणून ओळखला जाणारा नियम. ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते. म्हणजे ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने धावतो, दूर असताना सावकाश जातो. त्यानंतर त्याने अंड्यासारखे वेगवेगळे आकार तपासले, टाकून दिले आणि १६०५ मध्ये तो लंबवर्तुळापाशी येऊन पोहोचला. सूर्य मध्यावर नाही, एका नाभीवर आहे, हा पहिला नियम. ब्राहेच्या वारसांशी वाद आणि पैशांची चणचण यामुळे ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ हे पुस्तक बाहेर यायला १६०९ साल उजाडले.

‘आता तो कुठे आहे’ हे कसे काढतात?

क्षेत्रफळाच्या नियमातून एक व्यावहारिक प्रश्न तयार झाला. ग्रह अमुक जागी कधी पोहोचेल, हे काढणे सोपे होते. पण अमुक वेळी तो कुठे असेल, हे काढणे कठीण. यासाठी केप्लरने मांडलेले समीकरण आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्यात जो कोन शोधायचा आहे, तो एकदा सुटा येतो आणि एकदा साइनच्या आत येतो. त्याला नेहमीच्या बीजगणिताने वेगळे काढता येत नाही. केप्लरने त्याच पुस्तकात ही अडचण उघड सांगितली आणि ती सोडवण्यासाठी गणितज्ञांना आवाहन केले.

त्याने स्वतः वापरलेला मार्ग साधा होता. एक अंदाज घ्यायचा, तो समीकरणात घालायचा, किती चुकला ते पाहायचे, त्यानुसार अंदाज सुधारायचा आणि पुन्हा घालायचा. चार-पाच फेऱ्यांत उत्तर हवे तितके जवळ येते.

आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनाही हा प्रश्न अनोळखी नव्हता. सरासरी गतीने येणारा तो ‘मध्यम’ ग्रह आणि त्याला संस्कार देऊन मिळणारा तो ‘स्पष्ट’ ग्रह, हा फरक ते पूर्वापार करत आले आहेत. जुन्या ग्रंथांवरून काढलेली स्थाने आणि आकाशात दिसणारी स्थाने यांत अंतर पडू लागले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली. त्या युरोपीय गणिताचा पाया केप्लरच्या लंबवर्तुळावर उभा होता.

व्हॅनगार्डच्या हिशेबातही हेच आहे. ९० अंश हे मध्यम स्थान, १११ अंश हे स्पष्ट. एकातून दुसरे काढायला केप्लरचे समीकरण लागते. आजचा संगणकही ते अंदाज आणि सुधारणा करूनच सोडवतो. केप्लरला ज्या आकडेमोडीला तास लागत, ती आता पापणी लवण्याआधी होते, एवढाच फरक.

‘सॅटेलाइट’ हा शब्द कोणाचा?

१६१० मध्ये गॅलिलिओने गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिल्याचे जाहीर केले. अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. केप्लरने मात्र जाहीर पाठिंबा दिला, नंतर उसनी दुर्बीण मिळवून ते स्वतः पाहिले आणि १६११ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. त्या चंद्रांसाठी त्याने लॅटिनमधला एक शब्द वापरला. अर्थ होता, मोठ्या माणसाच्या सतत बरोबर असणारा रक्षक किंवा सेवक. त्यावरूनच ‘सॅटेलाइट’ हा शब्द खगोलशास्त्रात रूढ झाला.

त्याच १६११ मध्ये केप्लरचे घर कोसळले. सहा वर्षांचा मुलगा फ्रिडरिख देवीने गेला. पत्नी बार्बारा त्याच वर्षी वारली. सम्राट रुडॉल्फला बोहेमियाचे सिंहासन सोडावे लागले. राजगणिती हे पद केप्लरकडे राहिले, पण पगाराची थकबाकी वाढतच गेली. १६१२ मध्ये तो ऑस्ट्रियातील लिन्झला शिक्षक म्हणून गेला. तिथे त्याच्याच पंथाच्या धर्मगुरूने त्याला प्रार्थनाविधीतून वगळले, कारण पंथाच्या एका मतपत्रावर तो मनाविरुद्ध सही करायला तयार नव्हता. कॅथॉलिकांना तो परका होताच. आता तो आपल्या लोकांनाही परका झाला.

आईवरचा खटला काय होता?

१६१५ मध्ये केप्लरच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला. गावातल्या एका बाईने सांगितले, की काथारिनाने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो. मग आणखी लोक पुढे आले. कोणाची गुरे मेली होती, कोणाचे अंग दुखत होते. त्या काळी अशा आरोपाचा शेवट अनेकदा जिवंत जाळण्यात होत असे.

ऑगस्ट १६२० मध्ये काथारिनाला अटक झाली. वय सत्तरीच्या पुढे. तिला साखळीने बांधून ठेवले गेले आणि पहारेकऱ्यांचा खर्चही तिच्याच मालमत्तेतून वसूल होऊ लागला. केप्लरने लिन्झमधले काम थांबवले, कुटुंबाला हलवले आणि तो आईच्या बचावासाठी गेला.

त्याची बचावाची पद्धत मंगळाच्या कामापेक्षा फार वेगळी नव्हती. चेटूक असते की नसते, या वादात तो शिरला नाही. त्याने प्रत्येक साक्ष वेगळी काढली. आजार आधी सुरू झाला की पेय आधी प्यायले, दोन साक्षीदारांच्या सांगण्यात कुठे विसंगती आहे, त्या दुखण्याला साधे वैद्यकीय कारण काय असू शकते, हे त्याने लेखी मांडले. तरीही न्यायालयाने शेवटची परीक्षा म्हणून म्हातारीला छळाची हत्यारे दाखवण्याचा आदेश दिला. ती कबूल झाली नाही. १४ महिन्यांच्या कैदेनंतर ऑक्टोबर १६२१ मध्ये तिची सुटका झाली. सहा महिन्यांतच, एप्रिल १६२२ मध्ये ती वारली.

तिसरा नियम आणि तक्ते

खटला सुरू असतानाच, १६१८ च्या फेब्रुवारीत केप्लरची तान्ही मुलगी गेली. आकड्यांच्या तक्त्यांचे रटाळ काम त्याला त्या दिवसांत जमेना. तो ग्रहांच्या गतींमधील सुसंगती शोधण्याकडे वळला आणि त्याच वर्षी १५ मे रोजी तिसरा नियम त्याच्या हाती लागला. फेरीच्या काळाचा वर्ग आणि कक्षेच्या सरासरी अंतराचा घन यांचे गुणोत्तर सगळ्या ग्रहांसाठी सारखेच असते. आठवडाभरातच प्रागमध्ये बंड झाले आणि युरोपातील तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले.

उपग्रहाचा माग काढणाऱ्यांना हा नियम रोज लागतो. उपग्रह दिवसात किती फेऱ्या मारतो एवढे मोजले, की त्याच्या कक्षेचा आकार किती मोठा, हे लगेच कळते. फेऱ्यांची संख्या वाढू लागली, तर कक्षा लहान होत आहे, म्हणजे उपग्रह खाली येत आहे.

ब्राहेने मरताना सोपवलेले ग्रहांचे तक्ते पूर्ण व्हायला मात्र पाव शतक लागले. १६२६ मध्ये लिन्झला बंडखोर शेतकऱ्यांचा वेढा पडला आणि छापखाना जळाला. हस्तलिखित वाचले. केप्लर ते घेऊन उल्म शहरात गेला आणि १६२७ मध्ये ‘रुडॉल्फीय तक्ते’ छापून घेतले. त्यांत तेव्हा नव्यानेच निघालेल्या लॉगरिदमचा वापर होता.

१६३० च्या शरद ऋतूत तो घोड्यावरून रेगन्सबुर्गला निघाला. सम्राटाकडून थकलेले पैसे मिळतील, ही आशा होती. तिथे पोहोचताच तो आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी त्याचा मृत्यू झाला. वय ५८. युद्धात ते कब्रस्तानच उद्ध्वस्त झाले. केप्लरची कबर नेमकी कुठे होती, हे आज सांगता येत नाही.

त्याच्या तक्त्यांची परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, असे त्याने आधीच प्रसिद्ध केले होते. पॅरिसमध्ये पिएर गॅसेंडी सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेऊन बसला होता. एक काळा ठिपका दिसला. तो इतका लहान होता, की गॅसेंडीला आधी तो सूर्यावरचा डाग वाटला. पण ठिपका पुढे सरकत होता. बुधाचे असे अधिक्रमण माणसाने पाहण्याची ही पहिलीच वेळ. जुन्या तक्त्यांमध्ये बुधाची जागा काही अंशांनी चुकत असे. केप्लरची चूक अंशाच्या लहानशा भागाइतकी होती.

व्हॅनगार्डने काय दाखवले?

न्यूटनने पुढे गुरुत्वाकर्षणाच्या नियमातून केप्लरचे तिन्ही नियम सिद्ध केले. त्यामुळे ग्रहांचे गणित उपग्रहांनाही लागू होणार, हे स्पष्ट होते. व्हॅनगार्डसाठी अमेरिकेने ‘मिनिट्रॅक’ ही रेडिओ केंद्रांची साखळी उभारली. जोडीला बेकर-नन नावाचे मोठे कॅमेरे जगभरात १२ ठिकाणी बसवले गेले. त्यांतला एक भारतात, नैनितालच्या वेधशाळेत होता. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रहाचे छायाचित्र घ्यायचे, वेळ अचूक नोंदवायची आणि ताऱ्यांवरून त्याची जागा मोजायची, असे ते काम होते. ब्राहेने हेच केले होते. साधने बदलली होती.

या नोंदी गणिताशी ताडून पाहिल्या, तेव्हा फरक दिसू लागले. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे, हे माहीत होते. त्यामुळे व्हॅनगार्डच्या कक्षेचे प्रतल दिवसाला सुमारे ३ अंश मागे सरकते आणि उपभू बिंदू दिवसाला सुमारे ४.४ अंश पुढे जातो. हे हिशेबात धरूनही एक छोटा फरक उरत होता. उपभू बिंदूची एक पूर्ण प्रदक्षिणा होते त्या साधारण ८० दिवसांच्या तालात उपभूचे अंतर किंचित कमी-जास्त होत होते.

जॉन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये याचा अर्थ लावला. पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण गोलार्ध सारखे नाहीत. उत्तर ध्रुवाकडे ती किंचित उंचावलेली आणि दक्षिण ध्रुवाकडे किंचित दबलेली आहे, काहीशी नासपतीसारखी. हा फरक काही मीटरचाच, पण दीड किलोच्या गोळ्याच्या कक्षेने तो पकडला. उरलेला छोटा फरक झटकून न टाकल्यानेच हे हाती लागले.

असाच आणखी एक अंदाज बदलला. व्हॅनगार्ड-१ सुमारे दोन हजार वर्षे कक्षेत राहील, असे सुरुवातीला मानले गेले होते. पण सूर्य जास्त सक्रिय असतो तेव्हा वातावरणाचे वरचे थर फुगतात आणि उपग्रहाला अधिक विरोध होतो. सूर्यप्रकाशाचा सौम्य दाबही कक्षा हलवतो. हे लक्षात आल्यावर त्याचे आयुष्य सुमारे २४० वर्षांवर आले. म्हणजे तो साधारण बाविसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकेल.

आज त्याचा माग कसा ठेवला जातो?

उपग्रहांच्या अमेरिकी सूचीत व्हॅनगार्ड-१ चा क्रमांक ५ आहे. त्याच्या आधीचे स्पुटनिक-१, स्पुटनिक-२ आणि एक्सप्लोरर-१ केव्हाच वातावरणात जळून गेले. रडार आणि दुर्बिणी अधूनमधून व्हॅनगार्डला गाठतात. त्या निरीक्षणांवरून त्याच्या कक्षेचे आकडे दोन ओळींत मांडून प्रसिद्ध केले जातात. कक्षेचा कल, लंबवर्तुळ किती लांबट आहे, उपभू कोणत्या दिशेला आहे, दिवसाला किती फेऱ्या होतात आणि ठरावीक क्षणी उपग्रहाचे ‘मध्यम’ स्थान काय, हे त्या दोन ओळींत असते. मोबाइलवर उपग्रह दाखवणारे बहुतेक अ‍ॅप याच ओळी वाचतात, केप्लरचे समीकरण सोडवतात आणि नकाशावर ठिपका दाखवतात.

मात्र या दोन ओळी शिळ्या होतात. वातावरण, सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचा ओबडधोबड आकार उपग्रहाला सतत थोडे थोडे ढकलत असतात. जुने आकडे वापरले, तर दिवसागणिक चूक वाढत जाते. म्हणून नवे निरीक्षण घ्यायचे, गणिताने सांगितलेली जागा आणि सापडलेली जागा यांतला फरक मोजायचा, तो कशामुळे आला ते पाहायचे आणि आकडे सुधारायचे. हे चक्र थांबले, तर व्हॅनगार्डसारखी स्वतःहून काहीच न सांगणारी वस्तू हरवायला फार वेळ लागणार नाही. बंद पडलेल्या उपग्रहाकडे लक्ष ठेवण्यामागे टक्कर टाळण्याचेही कारण आहे. सेकंदाला आठ किलोमीटरने जाणारा दीड किलोचा गोळा चालू उपग्रहाचा चुराडा करू शकतो.

व्हॅनगार्ड-१ ला परत पृथ्वीवर आणून अवकाशातील इतक्या वर्षांचा त्याच्यावर काय परिणाम झाला ते तपासावे, असा प्रस्तावही अलीकडे काही अभियंत्यांनी मांडला आहे. तसे झाले, तर आणायला जाणाऱ्या यानाला आधी एकच गोष्ट अचूक ठाऊक असावी लागेल, तो त्या क्षणी कुठे असेल. ते काढण्यासाठी एक अंदाज घ्यावा लागेल, तपासावा लागेल आणि सुधारावा लागेल.